सार्वजनिक उद्यानातली रेनेसाँ धाटणीची बाग: आखणी, पाणी, कडा आणि देखभाल

ओळंबा

सार्वजनिक उद्यानाच्या एखाद्या भागात रेनेसाँ धाटणीची, म्हणजे सोळाव्या शतकातल्या इटलीच्या वळणाची, बाग करायचं ठरलं की कागदावर पहिल्यांदा उमटते ती बॉक्सवुडची (कातरून आकार देता येणाऱ्या सदाहरित झुडपाची) नक्षी. जमिनीच्या पातळ्या, पाणी आणि लोकांची ये-जा यांचा विचार मागून होतो. मग एखाद्या रोगाने किंवा दुर्लक्षाने नक्षी विसकटली की खाली काहीच उरत नाही, कारण सांगाडा घातलेलाच नसतो.

या शैलीचा सांगाडा पातळ्यांनी उभा राहतो. वास्तुकार ब्रामान्तेने व्हॅटिकनच्या बेल्वेदेरे प्रांगणात १५०५च्या सुमारास वेगवेगळ्या उंचीचे टप्पे एका अक्षावर, म्हणजे मधल्या सरळ रेषेवर, जिन्यांनी जोडले आणि पुढच्या शंभर वर्षांच्या बागांना वळण मिळालं. इटलीतल्या बान्याइयाच्या व्हिला लांतेत (काम सुरू १५६८) तर अक्षावर घरच नाही. दोन सारखे छोटे महाल अक्षाच्या दोन बाजूंना सरकवले आहेत आणि मधली जागा पाण्याला दिली आहे. वरच्या रानाकडून निघालेलं पाणी दगडी साखळीतून घरंगळत येतं, लांब दगडी मेजाच्या मधल्या पन्हळीतून वाहतं, कारंज्यांचे टप्पे उतरतं आणि सगळ्यात खाली चौकोनी हौदात स्थिरावतं. वर रान, खाली शुद्ध भूमिती.

हा नमुना आपल्या विषयाला फार जवळचा आहे, कारण सार्वजनिक उद्यानात बागेला जोडलेली मुख्य वास्तू बहुधा नसते. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधल्या कन्झर्व्हेटरी गार्डनचा (१९३७) मधला इटालियन भाग पाहा. मोकळी हिरवळ, यूच्या (सदाहरित सूचिपर्णी झाडाच्या) कातरलेल्या कडा, दोन्ही बाजूंना क्रॅबअ‍ॅपलच्या रांगा, टोकाला साडेतीन मीटरच्या वर उडणारी एकच धार, आणि तिच्यामागे टप्प्याटप्प्याने चढणाऱ्या कडा, पायऱ्या नि विस्टेरियाचा मांडव. नक्षी जवळपास नाहीच, तरी शैली लगेच ओळखू येते.

म्हणून माझा आग्रह असा: आधी पातळ्या, मग अक्ष, मग पाणी, मग वाटा आणि सगळ्यात शेवटी झाडं. इथल्या जाणकारांनी आपापल्या भागाबद्दल आकड्यांसकट लिहावं.

जुनी_पाने

क्रमाशी सहमत. काळाबद्दल मात्र सुरुवातीलाच स्पष्ट असलेलं बरं, कारण ‘रेनेसाँ’ म्हणून जे मागितलं जातं त्यातलं निम्मं नंतरचं असतं.

वेलबुट्टीसारखी वळणं घेणारी, पार्तेर द ब्रोदरी नावाने ओळखली जाणारी नक्षी सतराव्या शतकातल्या फ्रान्सची. क्षितिजापर्यंत पळणारा अक्ष, प्रचंड लांबीचे कालवे, हे त्याच शतकातल्या फ्रेंच उद्यानकार ल नोत्रचं, रेनेसाँनंतरच्या भव्य बरोक शैलीतलं काम. रंगीत हंगामी फुलांनी गच्च भरलेले ताटवे तर १९व्या शतकातले. रेनेसाँ बागेत चौक लहान, एकमेकांपासून स्वतंत्र आणि माणसाच्या मापाचे असतात. प्रत्येक चौकाची नक्षी स्वतःपुरती पूर्ण. पाडुआच्या १५४५च्या वनस्पती उद्यानात वर्तुळात चौरस आणि चौरसाचे चार भाग आहेत, आणि तेवढ्यावर ती आखणी आजवर टिकून आहे. तिथेही रोपांच्या चोऱ्या थांबवायला गोल भिंत घालावी लागली होती, हे सार्वजनिक बागा चालवणाऱ्यांनी जरूर लक्षात ठेवावं.

लावणीही विरळ असे. रोझमेरी, लॅव्हेंडर, थाइम, हिसॉप, सँटोलिना, जर्मँडर यांच्या कडा, आणि आत एकेक कंद किंवा दुर्मीळ रोप सुटं दिसेल असं. मधली जमीन उघडी दिसणं त्या काळी वावगं नव्हतं. आज ती तण येऊ नये म्हणून बारीक खडीने झाकतात, ते चालतं.

फ्रान्समधली व्हिलांद्रीची बाग अनेकांना सोळाव्या शतकातली वाटते. ती होआकिन कार्वाल्योने १९०६ साली वाडा घेतल्यानंतर नव्याने रचली. पण पुनर्रचना म्हणून ती अभ्यासावीच, विशेषतः भाजीबागेचे नऊ समान चौक. त्यांच्या आकारात काही बदलत नाही, आतली पिकं मात्र वर्षातून दोनदा बदलतात. सार्वजनिक उद्यानाला हे फार सोयीचं आहे: कडा कायम, आतला मजकूर बदलता.

गुण्या

आखणीबद्दल लिहितो.

अक्षाच्या दोन्ही टोकांना, खोदकामाच्या बाहेर, काँक्रीटमध्ये बसवलेल्या लोखंडी खुंट्या ठेवा. काम संपेपर्यंत त्यांना कोणी हात लावायचा नाही. काटकोन ३-४-५ ने काढायचा, पण मीटरमध्ये ९-१२-१५ घ्यायचा. ३ मीटरच्या बाजूवर झालेली १ सें.मी.ची चूक ३० मीटरवर १० सें.मी. होते, आणि लांब कातरलेल्या कडेत १० सें.मी. कोणालाही दिसतात. चौक आखला की दोन्ही कर्ण मोजून जुळवा. कर्ण जुळल्याशिवाय चुन्याची फक्की मारू नका.

मापं एका वाफ्यावरून पुढच्या वाफ्यावर नेऊ नका. दर वाफ्याला १ सें.मी. वाढला तर सहाव्या वाफ्यापर्यंत ६ सें.मी. साचतात आणि ते सगळे शेवटच्या वाटेच्या रुंदीतून कापले जातात. टेपचा शून्य अक्षावर धरून दोन्हीकडे एकाच दमात सगळ्या खुणा करा.

लंबवर्तुळाकार हौद किंवा हिरवळ दोन खुंट्या आणि दोरीने काढतात. समजा लांबी १२ मी. आणि रुंदी ८ मी. अर्ध्या मापांच्या वर्गांची वजाबाकी ३६ − १६ = २०, तिचं वर्गमूळ ४.४७. मध्यापासून लांबीच्या दिशेने दोन्हीकडे ४.४७ मी.वर खुंट्या. दोन्ही खुंट्यांभोवती फिरणाऱ्या बंद दोरीची लांबी १२ + ८.९४ = २०.९४ मी. दोरी ताणली न जाणारी हवी. सुती दोरी ओली-कोरडी होताना आखडते आणि वर्तुळ जुळतच नाही. पातळ तार उत्तम.

आता सगळ्यात दुर्लक्षित मुद्दा: दृष्टीचं आकुंचन. डोळा वाफ्याच्या पातळीपासून ६ मी. उंच आहे आणि समोर २० × २० मी.चा चौरस २० मी. अंतरावर सुरू होतो असं धरा. त्या चौरसाची खोली डोळ्याला जेमतेम ८ अंशात दिसते, रुंदी ३७ अंशांच्या आसपास. म्हणजे चौरस असूनही तो आडव्या पट्टीसारखा दिसतो. डोळा ३ मी.वर असेल तर खोली ४ अंशांवर येते आणि नक्षी वाचताच येत नाही. उपाय दोन: बघण्याची जागा उंच आणि जवळ आणा, किंवा नक्षी अक्षाच्या दिशेने लांबवा. रुंदीच्या दीडपट लांबी केली तरी बराच फरक पडतो. कागदावर वरून छान दिसणारी नक्षी प्रत्यक्षात का हरवते, त्याचं कारण हेच.

उद्यानाची हद्द क्वचितच काटकोनात असते. तो तिरकेपणा वाफ्यांमध्ये वाटून घेण्याचा मोह टाळा. वाफे काटेकोर काटकोनात ठेवा आणि हद्दीकडची पाचर झाडीत जिरवा. मूळ बागांनाही कडेला रान असायचंच.

हिरवळ

जागा पूर्ण सपाट असेल तर टप्पे आणायचे कुठून? बहुतेक उद्यानांत उतार नसतोच.

ओळंबा

@हिरवळ, मधला चौक खोल घ्या आणि निघालेल्या मातीचा एका टोकाला टप्पा करा. उदाहरण घेऊ. २४ × २४ मी. चौक ५० सें.मी. खोल नेला तर २८८ घनमीटर माती निघते. त्यातली वरची २० सें.मी. सुपीक माती, म्हणजे ११५ घनमीटर, आधी वेगळी काढून झाकून ठेवा. ती वाफ्यांत परत जाते. उरलेल्या १७३ घनमीटरमध्ये चौकाच्या पूर्ण रुंदीचा, ५ मी. खोल आणि साधारण १.४ मी. उंच टप्पा होतो. दबाई १५-२० सें.मी.च्या थरांत करायची. सगळी माती एकदम टाकून वरून रोलर फिरवला तर खालचा भाग नंतर बसतो आणि वरची फरसबंदी फाटते.

आता टप्पा आणि चौक यांत १.९ मी. फरक मिळाला. उभ्या माणसाचा डोळा वाफ्यांपासून साडेतीन मीटरवर गेला. @गुण्या यांच्या हिशेबाप्रमाणे हे कमीच, पण नक्षी टप्प्याच्या पायथ्यापासून ४-५ मी.वर सुरू केली तर पुरतं.

एक अट मात्र पक्की. खोल चौकातून पाणी आपोआप बाहेर जाईल असा उतार जवळच्या गटाराला मिळत नसेल, तर चौक खोल करू नका. पंपावर भरवसा ठेवला की वीज गेलेल्या पहिल्या मोठ्या पावसात वाफे तळ्यात जातात, आणि बॉक्सवुड किंवा यूची मुळं पाण्यात राहिली तर दोन्ही मरतात. निचऱ्याची भोकं असलेली नळी चौकाच्या चारही बाजूंनी, खडीत, जाळीच्या कापडात गुंडाळून घाला आणि खोदकामाआधी तिच्या बाहेरच्या तोंडाची पातळी तपासा.

टप्प्याच्या भिंतीमागे ३० सें.मी. जाड खडीचा पडदा, तळाशी नळी आणि भिंतीत दर दीड-दोन मीटरवर निचऱ्याची भोकं. भिंती मातीच्या वजनाने पडतात त्यापेक्षा मागे साठलेल्या पाण्याच्या दाबाने जास्त पडतात. दगडावर पांढरे क्षार दिसू लागले किंवा भिंतीला पोट आलं तर भोकं बुजली आहेत असं समजा.

जिन्याचं सूत्र: दोन उंच्या अधिक एक पाऊल = ६० ते ६५ सें.मी. बागेत १३ सें.मी. उंची आणि ३८ सें.मी. पाऊल छान बसतं (२६ + ३८ = ६४). घरातल्या जिन्याची १७-१८ सें.मी. उंची बाहेर आणली तर जिना उभट दिसतो आणि लोक घाईने चढतात. पायरीला पुढच्या बाजूला १ टक्का ढाळ द्या, नाहीतर पाणी साचून शेवाळ धरतं.

पाणाड्या

पाण्याचं मूळ तत्त्व आधी. रोमजवळच्या तिवोलीच्या व्हिला देस्तेत (पिर्रो लिगोरियोची आखणी, सोळाव्या शतकाचा मध्य) आनिएने नदीचं पाणी वळवून आणलं आणि सगळी कारंजी उंचीच्या दाबावर चालवली. १० मी. उंचीचं पाणी म्हणजे साधारण १ बार दाब. नळीतली आणि तोंडातली घट धरून धार त्या उंचीपेक्षा बरीच कमी उडते. आज पंप असतो, तरी बघणाऱ्याला पाणी वरून खाली येताना पटलं पाहिजे. सगळ्यात खालच्या हौदात सर्वांत उंच धार आणि वरचे टप्पे कोरडे, ही रचना या शैलीत खोटी वाटते.

ठोस मुद्दे:

धार जितकी उंच तितकी हौदाची त्रिज्या, हे किमान. ३ मी. धारेला ६ मी. व्यासाचा हौद. वाऱ्याच्या जागी याहून मोठा हौद, किंवा वारा वाढला की धार खाली आणणारा संवेदक. हे केलं नाही तर वाट कायम ओली, वर निसरडं शेवाळ, आणि हौदाची पातळी रोज घसरते.

काठावरून सगळीकडे सारखा पडदा पडणारा वाडगा मागितला जातो. त्याला लागणारं पाणी मोजा. काठावर १० मिमी पाण्याचा थर हवा असेल तर दर मीटर काठाला मिनिटाला सुमारे ११० लिटर लागतात. २ मी. व्यासाच्या वाडग्याचा काठ ६.२८ मी., म्हणजे मिनिटाला जवळजवळ ७०० लिटर. शिवाय काठ ५ मिमी जरी एका बाजूला उंच राहिला, तरी तिथला थर निम्मा होतो आणि प्रवाह ४० लिटरच्या खाली येतो, म्हणजे तिसऱ्या हिश्शापेक्षा थोडा जास्त. मग पाणी एकाच बाजूने पडतं. काठ २ मिमीच्या आत पाणसळीत आणायचा, तोही दगड बसून पाणी भरल्यानंतर तपासून, कारण भरलेल्या वजनाने पाया थोडा बसतोच. हे जमणार नसेल तर काठावर ठरावीक ठिकाणी मुखवटे किंवा पन्हळी ठेवा. जुन्या कारंज्यांत ते सर्रास आहेत. पाणी कमी लागतं आणि पातळीतला फरक लपतो.

दुसरी नेहमीची गफलत: प्रवासातलं पाणी. २० मी. लांब, ६० सें.मी. रुंद पाण्याच्या साखळीवर सरासरी ५ सें.मी. थर असेल तर ६०० लिटर पाणी वाटेत असतं. पंप बंद झाला की ते सगळं खाली येतं आणि हौद उतू जातो. पुन्हा सुरू केला की हौद उतरून पंप हवा ओढतो. खाली झाकलेली समतोल टाकी हवी, प्रवासातल्या पाण्याच्या दीडपट तरी. पंप टाकीच्या पातळीखाली बसवा, म्हणजे त्याला पाणी ओढावं लागत नाही.

हौदाची पातळी काठाच्या दगडाखाली ५ ते ८ सें.मी. ठेवा. पातळी ३० सें.मी. खाली गेली की आकाशाऐवजी भिंतीचं प्रतिबिंब दिसतं आणि हौद टाकीसारखा वाटतो. आतला रंग गडद. निळ्या फरशा नकोत.

तुषार उडणाऱ्या प्रत्येक कारंज्याला गाळणी, निर्जंतुकीकरण आणि पाण्याची ठरावीक तपासणी लागतेच. कोमट, साठलेल्या पाण्याच्या तुषारांतून लिजिओनेला हा फुप्फुसाचा आजार करणारा जिवाणू पसरू शकतो. व्हिला लांते किंवा साल्झबुर्गच्या हेलब्रुनमध्ये पाहुण्यांना अचानक भिजवणाऱ्या धारा आहेत. सार्वजनिक बागेत त्या करायच्या असतील तर पिण्याच्या दर्जाचं पाणी, खरखरीत फरशी आणि वेगळा निचरा, या तीन गोष्टींवर तडजोड नको.

पंपघर झुडपात लपवण्यापेक्षा रचनेत घ्या. लंडनच्या केन्सिंग्टन गार्डन्समधल्या इटालियन बागेत (१८६०च्या दशकाची सुरुवात) वाफेच्या इंजिनाचं घर हीच बागेतली मुख्य वास्तू आहे.

कातरकाम

कडांबद्दल. आधी हिशेब, कारण तो कोणी करत नाही.

१० × १० मी.चे चार चौक, प्रत्येकाला परिघाची कड आणि दोन कर्ण. एका चौकात ४० + २८ = ६८ मी., चारांत सुमारे २७३ मी. ठेंगण्या बॉक्सवुडला, म्हणजे ‘सफ्रुटिकोसा’ला, रोपांत १५ सें.मी. अंतर धरलं तर १,८२० रोपं. त्यावर किमान ५ टक्के जादा रोपं त्याच वेळी, त्याच खेपेतून घेऊन वेगळ्या वाफ्यात वाढवायची. नंतर बाजारातून आणलेलं रोप पानाच्या रंगात नि वाढीत जुळत नाही आणि कडेत कायम ठिगळ दिसतं. कातरायचं क्षेत्र: ३० सें.मी. उंच, ३० सें.मी. रुंद कडेला दर मीटर ०.९ चौ.मी., म्हणजे एका फेरीत २४५ चौ.मी. वर्षाला दोन फेऱ्या. एवढे हात उपलब्ध नसतील तर कर्ण काढून टाका, लांबी लगेच १६० मी.वर येते. अर्धवट कातरलेल्या गुंतागुंतीच्या नक्षीपेक्षा नीट राखलेला साधा चौक शतपटीने देखणा.

लावणी: ३० सें.मी. रुंद आणि तेवढाच खोल चर, मुळाचा गोळा जमिनीच्या पातळीतच. खोडाभोवती माती चढवली तर खोड कुजतं. पाणी ठिबकने, पानांवरून फवारून कधीच नाही.

कातरणी उन्हाळ्याच्या सुरुवातीला, कडाक्याच्या थंडीची भीती संपल्यावर, आणि दुसरी हलकी उन्हाळ्याच्या अखेरीस. ढगाळ पण कोरडा दिवस निवडा. रणरणत्या उन्हात कातरलं तर आतली कोवळी पानं भाजून तपकिरी होतात. ओल्यात कातरलं तर रोग पसरतो. दोन्ही टोकांना खुंट्या, मध्ये पाणसळीत ताणलेली दोरी. जमिनीला समांतर कातरू नका, जमीन कधीच सपाट नसते. तळ वरच्यापेक्षा थोडा रुंद ठेवा, नाहीतर तळाला ऊन मिळत नाही आणि पाय उघडे पडतात. उंच यूच्या कडेला हे जास्त लागू: दीड मीटर उंचीला तळ ६५, माथा ५० सें.मी.

दोन वनस्पती एकमेकींवरून-खालून जाताहेत असा भास हवा असेल तर ‘वरची’ कड अखंड न्यायची. ‘खालची’ कड छेदाच्या दोन्ही बाजूंना ३-४ सें.मी. अलीकडे थांबवायची आणि छेदाकडे ५-६ सें.मी. उतरती कातरायची. सँटोलिना आणि बॉक्सवुडची जोडी रंगाने सुंदर, पण सँटोलिनाला वर्षाला तीन कातरण्या लागतात आणि काही वर्षांत तिचं खोड लाकडी होऊन ती मधून फाटते. ती पुन्हा लावण्याची तरतूद सुरुवातीलाच हवी.

जुनी_पाने

@कातरकाम, आजच्या घडीला नव्या सार्वजनिक बागेत बॉक्सवुड लावावंच का? त्याच्यावरची बुरशी आणि त्याची पानं खाणाऱ्या अळ्यांचा पतंग, दोन्ही युरोपभर पसरले आहेत.

कातरकाम

मोठ्या प्रमाणावर एकटं बॉक्सवुड लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

दोन संकटांची लक्षणं वेगळी आहेत, उपायही वेगळे. बुरशीत पानांवर तपकिरी डाग, कोवळ्या काड्यांवर काळ्या रेघा आणि पटापट पानगळ. तिचे बीजाणू चिकट असतात, कातरीवर, बुटांवर, ओल्या कपड्यांवर बसून पुढे जातात आणि गळलेल्या पानांत वर्षानुवर्षं टिकतात. म्हणून दर चौकाला हत्यारं निर्जंतुक करा, गळलेली पानं उचलून बागेबाहेर न्या, आणि कड फार घट्ट करू नका. आत हवा खेळली की पानं लवकर वाळतात. सर्वांत देखणी घट्ट कड हीच रोगाला सर्वांत सोपी, हे कटू आहे पण खरं आहे. पतंगाच्या बाबतीत जाळी, हिरव्या-काळ्या अळ्या आणि खरवडलेली पानं दिसतात. आशियातला हा पतंग युरोपात २००७मध्ये पहिल्यांदा सापडला. गंधसापळ्याने नर कधी उडू लागलेत ते कळतं, आणि मग लहान अळ्यांवर बीटी जिवाणूची फवारणी वेळेवर करता येते. अळ्या मोठ्या झाल्या की तिचा फारसा उपयोग नाही.

पर्याय: जपानी होली दिसायला सर्वांत जवळची, पण चुनखडीच्या किंवा पाणी धरणाऱ्या जमिनीत पिवळी पडून मरते. ठेंगणी युओनिमस सहनशील आहे. जर्मँडर २५-३० सें.मी. कडेला उत्तम आणि काळाला धरूनही. उबदार भागात मर्टल. ३० सें.मी.च्या वर यूला तोड नाही, जुन्या लाकडातूनही ती पुन्हा फुटते. फक्त पाणी साचता कामा नये, आणि ती विषारी असल्याने कातरण उघड्यावर पडू देऊ नका.

पायवाट

आता माणसांचं. राजवाड्याच्या बागेत मोजके लोक ठरलेल्या वाटेने फिरायचे. सार्वजनिक उद्यानात लोक बसथांब्याकडे निघालेले असतात.

आखणीआधी जागेवरची पडलेली पायवाट नोंदवा. ती चौक तिरका कापत असेल तर बाग सरकवा किंवा अक्षच तिच्यावर आणा. नक्षीने लोकांचा रस्ता अडवला तर कोपऱ्यातली रोपं आधी तुडवली जातात, नंतर कर्णावरची. चौकांचे कोपरे टोकदार ठेवण्याऐवजी ६०-८० सें.मी. त्रिज्येने आत वळवले तर कोपरा वाचतो आणि चार चौकांच्या मध्ये हौदाभोवती मोकळी जागा मिळते. ३५-४० सें.मी. उंचीची लोखंडी कमान कोपऱ्यांवर पुरते. पूर्ण कुंपण घातलं तर बाग परकी वाटते.

मुख्य वाट ३ मी., कारण तिच्यावरून देखभालीचं वाहनही जाणार. आतल्या वाटा १.८ मी., म्हणजे दोन चाकाच्या खुर्च्या समोरासमोरून जातात. नुसती सैल खडी टाकली तर खुर्चीची पुढची चाकं रुततात. खाली १०-१५ सें.मी. दाबलेली जाड खडी, वर चिकणमाती आणि कच मिसळलेला, पाणी मारून दाबलेला ५ सें.मी. थर. वर बारीक, टोकदार ६ ते १० मिमी खडी हवीच असेल तर एका दाण्याच्या जाडीची. गोल गोटे कधीच नकोत, ते दबत नाहीत. वाटेचा मध्य उंच: ३ मी. वाटेला २.५ टक्क्याने मध्य कडेपेक्षा पावणेचार सें.मी. वर येतो. सपाट वाटेवर डबकी होतात आणि लोक त्यांना वळसा घालून वाफ्यात चालतात.

टप्प्यावर चढण्याचा उतार नंतर चिकटवू नका. @ओळंबा यांच्या १.९ मी. फरकाला १:२० ने ३८ मी. लांबी लागते. २४ मी.च्या बाजूत ती एका सरळ रेषेत मावत नाही, म्हणून दोन्ही बाजूच्या भिंतींलगत, कमरेइतक्या कडेमागे, कोपऱ्यात वळणारे दोन सारखे उतार घ्या. सममिती राहते आणि खुर्चीवरचा माणूसही अक्षावरच पोहोचतो. १:१२ केला तर २३ मी. अधिक मधले सपाट थांबे, पण तो स्वतःच्या हातांनी चढणाऱ्याला दमवतो. १:२०च बरा.

उंच कडांनी बंद केलेली गुप्त बाग हा या शैलीचा सुंदर भाग. सार्वजनिक जागेत तिला दोन तोंडं हवीत आणि किमान एका बाजूची कड १.१ मी.च्या खाली, म्हणजे आत कोण आहे ते बाहेरून दिसतं. एकच तोंड असलेला कोनाडा संध्याकाळनंतर ओसाड पडतो.

हिरवळ

लिंबाच्या मोठ्या कुंड्या आणि सायप्रसच्या रांगा राहिल्या. त्या सार्वजनिक ठिकाणी टिकतात का?

जुनी_पाने

कुंड्या तेव्हाच, जेव्हा हिवाळ्यात हलवायला जागा आहे. फ्लोरेन्सजवळच्या कास्तेल्लोच्या मेदिची बागेत लिंबूवर्गीयांचा मोठा संग्रह कुंड्यांत आहे, आणि त्यासाठी लिमोनाइया म्हणजे हिवाळी घरं आहेत. तसं घर नसेल आणि थंडी गोठवणारी असेल तर रिकाम्या दगडी कलशांवर थांबा, ते पूर्णपणे शैलीत बसतं. कुंडी पायांवर ठेवा, खालचं भोक मोकळं हवं. ओल्या मातीचं बर्फ झालं की भाजलेली माती तडकते.

ओळंबा

रांगेतल्या झाडांबद्दल थोडं सविस्तर. जुन्या रांगेत एक झाड मेलं की तिथे नवं लावतात. दोन्हीकडच्या मोठ्या झाडांची सावली आणि मुळं यांत ते वाढत नाही, रांग दातपडकी राहते. रांग लहान असेल तर पूर्ण बदला. मोठी असेल तर सममितीत, अक्षाच्या दोन्ही बाजूंचा समोरासमोरचा तुकडा एकदम बदला. एका बाजूचं झाड गेलं तर समोरचंही काढणं जड जातं, पण दोन्हीकडे जुळती पोकळी राहिली तर रांगेची लय टिकते.

पूर्व-पश्चिम अक्षावर दक्षिणेकडची भिंत किंवा रांग एका कडेवर सावली टाकते. (दक्षिण गोलार्धात उलट.) त्या बाजूच्या कडेची वाढ मंद आणि विरळ होते, आणि दोन्ही कडा एकाच वेळी कातरूनही सारख्या दिसत नाहीत. तिथे सावली सोसणारी यू दोन्ही बाजूंना लावा. एका बाजूला एक जात आणि दुसरीकडे दुसरी असं करू नका.

गुण्या

याला जोडून एक काम, जे बाग सुरू होतानाच करायला हवं. प्रत्येक कडेची ठरलेली उंची, रुंदी आणि अक्षापासूनचं अंतर नोंदवहीत लिहा आणि कडांच्या टोकांना जमिनीत पितळी खुणा बसवा. कड दर कातरणीला किंचित जाड होते. वर्षाला १ सें.मी. दोन्हीकडून वाढली तर १० वर्षांत वाट २० सें.मी. अरुंद होते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. कातरणाऱ्याला दोरी कुठे बांधायची ते खुणेवरून कळलं पाहिजे, मागच्या वर्षीच्या कडेवरून नव्हे. जुनी, फुगलेली यूची कड मूळ मापावर आणायची असेल तर एका वर्षी एक बाजू खोडापर्यंत कापा, ती फुटून भरली की दुसरी.

हिरवळ

पितळी खुणा चोरीला जातील ना?

गुण्या

जातात, म्हणून काँक्रीटच्या ठोकळ्यात स्टेनलेस स्टीलची सळई जमिनीखाली ५ सें.मी. ठेवा आणि तिचं अक्षापासूनचं माप वहीत लिहा. सार्वजनिक बागेत हेच जास्त सुरक्षित. धातुशोधकाने दोन मिनिटांत सापडते.